देवाजी मिस्तरींची सहाफुटी लेथ

देवाजी मिस्तरींनी पुसदहून जी लेथ आणली, तिच्या हेडमध्ये लाकडाचा भुसा भरलेला होता, आणि ते मला सौदा होण्याआधी माहीत होतं. हे वाक्य मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. बहिणीजवळ बोलायची गरज पडली नाही, कारण ती तेव्हा तिथेच दारात उभी होती.

लेथ ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की लोखंडाचा तुकडा गरगर फिरवत ठेवायचा आणि पात्याने सोलून हवा तसा गोल करायचा, असं ते यंत्र असतं. डाव्या अंगाला पेटीसारखा भाग असतो, ते हेड. त्यात गिअर तेलात बुडून फिरतात. गिअरचे दाते तुटले की हेड ठोकल्यासारखं वाजतं. त्या तेलात चाळलेला भुसा कालवला की आवाज दबतो. थोडे दिवस दबतो. जुनी मशीन विकणाऱ्यांचा हा जुना उद्योग आहे आणि तो ओळखायला मला ज्यांनी शिकवलं ते देवाजी थूल. घाटंजीत सगळे त्यांना मिस्तरी म्हणायचे. मी काकाजी म्हणायचो.

आम्ही दोघं एका जिनिंग-प्रेसिंगच्या वर्कशॉपमध्ये होतो. ते टर्नर, मी फिटर, वयाने बराच लहान. माणूस साधाभोळा वगैरे मुळीच नव्हता, पक्का घमेंडी होता. केसांना तेल, खिशात कंगवा, कामावर येताना इस्त्रीचा पांढरा शर्ट. आत आल्यावर शर्ट खिळ्याला टांगायचा आणि बनियनवर उभं राहायचं. बोटात अंगठी नाही, मनगटाला घड्याळ नाही. गळ्यात दुपट्टा घालून कोणी लेथजवळ आला तर ते मशीन बंद करून त्याच्याकडे नुसते पाहत राहायचे, तो दुपट्टा काढेपर्यंत. कोणी काम लवकर मागितलं की ठरलेलं उत्तर, "घाई असन तं वेल्डिंग करून घे." आमच्या वर्कशॉपमधला वेल्डर हे ऐकून ऐकून त्यांच्याशी बोलेनासा झाला होता.

थापाही मारायचे. नागपुरात एका विमानाचा पार्ट आपण बनवून दिला, ही त्यांची आवडती थाप. दर वेळी पार्ट बदलायचा. फुलसिंग राठोड मुद्दाम खोदून विचारायचे, "मिस्तरी, मांगच्या खेपेले तं चाकाचा बुश होता. आता पंख्याचा दांडा कसा झाला?"

"दोन्ही बनवले."

"मंग थे विमान कंपनीनं बनवलं का तुमीच?"

फुलसिंगभाऊ म्हणजे मिस्तरींचे एकमेव मित्र. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर राहायचे. थोडी शेती होती आणि एक जुनी मॅटॅडोर. आरागिरणीचा भुसा वीटभट्ट्यांवर नेऊन टाकायचं काम होतं. "आमचे आजे बैलावर मीठ वाह्यत होते, मी मॅटॅडोरवर भुसा वाह्यतो," असं स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. त्या गाडीत बसून कुठंही गेलं की कपड्यांना, केसांना भुसा लागायचा. मिस्तरी उतरल्यावर पहिले कंगवा काढायचे.

मिस्तरींच्या टूलबॉक्समध्ये कायम एक काडी असायची. कापूस वेचून झाल्यावर शेतात वाळकी झाडं उरतात, त्या पऱ्हाटीची सरळ, सोललेली काडी. चालू मशीनच्या हेडला तिचं एक टोक टेकवायचं, दुसरं दातात धरायचं आणि दोन्ही कान तळहातांनी बंद करायचे. "कानाले बाहेरचं बी ऐकू येते. दाताले फक्त आतलं," ते म्हणायचे. मला शिकवलं तेव्हा सुरुवातीला नुसते दात शिवशिवायचे. पुढे कळायला लागलं. बेअरिंग कोरडं पडलं की वेगळं, दाता उडाला की वेगळं. वर्कशॉपमध्ये त्यांनी ही काडी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेली मी पाहिली नाही.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. कारखान्यापुढची गाड्यांची रांग आखूड होत गेली आणि एका हंगामात भोंगा वाजलाच नाही. आम्हाला हिशेब देऊन घरी पाठवलं. मी पंप दुरुस्तीच्या दुकानात लागलो. मिस्तरींनाही एका वर्कशॉपमधून बोलावणं आलं होतं, पण त्यांनी ठरवून टाकलं होतं. आता दुसऱ्याच्या मशीनवर उभं राहायचं नाही. घरीच लेथ टाकायची.

आणि लेथ पाहायला जाण्याआधी त्यांनी फाउंडेशन बांधलं. घराच्या पुढच्या खोलीत, दारासमोर, सहाफुटी लेथ बसेल एवढा सिमेंटचा चौथरा. बोल्टची भोकं सोडून त्यात चिंध्या कोंबून ठेवल्या. काकू तिथे मिरच्या वाळत घालायच्या. पाहुणे त्यावरच बसायचे. "लगन नाही ठरलं आन् यायनं पायना टांगून ठेवला," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मिस्तरी ऐकून घ्यायचे. रोज संध्याकाळी तो चौथरा ओल्या फडक्याने पुसायचे मात्र.

लोकांनी सल्ले दिले. यवतमाळात नव्या, हलक्या लेथ हप्त्यावर मिळायच्या. मला घेऊन ते एक पाहायला गेले. मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि जरा दाबला. मशीन हललं.

"हे लेथ नाही, शिलाई मशीन हाये," ते दुकानदाराला म्हणाले.

"काका, घरच्या कामासाठी हेच घेतात सगळे."

"घरी मी का मेण सोलणार हाये?"

कोणी म्हणालं, आता लोखंडात खाचा पाडणाऱ्या मिलिंग मशीनचे दिवस आहेत, मिल घ्या. त्यावर ते थोडं गंभीर झाले. "मिल चांगलीच असते. पण लेथ असली तं मिलचं थोडंबहुत काम तिच्यावर निंगते. मिल असली तं लेथचं काही निंगत नाही. आन् लेथ बिघडली तं तिचाच पार्ट तिच्यावर बनवता येते." शेवटी ठरलं की जुनी घ्यायची, पण जड घ्यायची.

मग आम्ही तिघं हिंडलो. फुलसिंगभाऊंची गाडी रिकामी जिकडे जाणार असेल तिकडची लेथ आम्ही पाहायचो. मिस्तरींचा पाहण्याचा कायदा होता. पहिला म्हणजे, मशीन पाहून होईपर्यंत त्या घरचा चहा प्यायचा नाही. "चहा पेला का डोये झाकते माणूस." मग रॉकेलचा बोळा मागून घ्यायचा आणि बेड पुसायचा. बेड म्हणजे ज्या लांब पट्ट्यांवरून हत्यार मागेपुढे सरकतं त्या. काम जिथे जास्त होतं तिथे, लोखंडाचा तुकडा पकडणाऱ्या चकाजवळ, त्या झिजतात. तिथे नख फिरवायचं, नखाला पायरी लागते का पाहायचं. हत्याराचा गाडा तिथे घट्ट करून दुसऱ्या टोकाला न्यायचा, तिकडे अडकला तर चकाजवळचं सगळं खाल्लेलं. त्यानंतर हेडचं झाकण उघडायला लावायचं आणि आत बोट बुडवून तेल पाहायचं. सगळ्यात शेवटी मशीन चालू करून काडी.

दिग्रसला एकाने लेथला ताजा हिरवा रंग दिला होता. मिस्तरींचं हे पुसणं, खरवडणं चाललेलं पाहून तो वैतागला. म्हणाला, "नवरी पाहून राह्यले का बाप्पा?"

"नवरी पाह्याले आलो असतो तं आतापरेंत पोहे खाल्ले असते."

लेथच्या पायाजवळ त्यांच्या नखाला रंगाखाली पुट्टी लागली. पुट्टीखाली चीर. "या जखमेले पावडर कोनं लावली?" त्यांनी विचारलं. मग मिस्तरी हात धुऊन त्याच्या ओट्यावर बसले, चहा मागून घेतला, पोरं कितवीत आहेत ते विचारलं. नापास केलेल्या माणसाशी ते फार गोड बोलायचे.

असं एक वर्ष गेलं. परतताना एकदा फुलसिंगभाऊ म्हणाले, "मिस्तरी, तुमाले लेथ घ्याची नाही. नापास कराची हाये." नेहमीची चेष्टा होती, पण मिस्तरी आर्णी येईपर्यंत बोलले नाहीत. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सुधाकर, हात इसरून राह्यला बे." मांडीवर उजव्या हाताची बोटं लेथचं चाक फिरवावं तशी हलत होती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा माणूस घाबरला आहे. लेथ मिळाली नाही तर तो नुसता एक म्हातारा होणार होता, फडक्याने चौथरा पुसणारा.

आता माझ्या ताईबद्दल. ताई पुसदला दिलेली. भाऊजींचं छोटं वर्कशॉप होतं घरालाच लागून, त्यात सहाफुटी लेथ. शेतकऱ्यांच्या मोटारी, पंप यांच्यावर चालणारं दुकान. त्या वर्षांत कोणी पंप दुरुस्तीला आणेना. भाऊजींना दुकान मोडून पुण्याला कंपनीत जायचं होतं. संसारात आधीही कुरबुरी होत्या. ताईला त्यांनी मागे एकदा घाटंजीला आणून सोडलं होतं आणि आईने हातापाया पडून परत पाठवलं होतं. लेथ विकायची आहे ही बातमी ताईनेच मला दिली. मी काकाजींना दिली.

आम्ही तिघं पुसदला गेलो. आणि तिथे मिस्तरींनी स्वतःचा कायदा मोडला. ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, पाया पडली, आणि चहा ठेवते म्हणाली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "ठेव माय. पोरीच्या घरी का पाव्हणा हावो मी?" आधी चहा प्यायले, मग लेथ पाहिली.

लेथ वरून खरंच चांगली होती. नखाला पायरी नाही, गाडा टोकापर्यंत अलगद गेला. फुलसिंगभाऊ माझ्या कानात म्हणाले, "आज म्हाताऱ्याचं लगन होते पाहाय." राहिलं होतं झाकण आणि काडी. लाइन नव्हती. त्या दिवसांत पुसदला काय, सगळीकडेच लोडशेडिंग, कधी जाईल कधी येईल नेम नाही. झाकणाच्या बोल्टवर रंग चढला होता. भाऊजी म्हणाले, "उघडू का? पाना पाह्याले लागन." दुसरा कोणी असता तर मिस्तरींनी स्वतःच्या पिशवीतून पाना काढला असता. इथे त्यांनी हात हलवला. "राहू द्या जवाईबापू. पोरीच्या घरी झडती घ्याची का?"

लाइनची वाट पाहत थांबलो. फुलसिंगभाऊंना सकाळी भट्टीवर खेप टाकायची होती. शेवटी मिस्तरींनी पिशवीतून पऱ्हाटीची काडी काढून माझ्या हातात दिली. "तू राह्य आज बहिणीकडं. लाइन आली का ऐक. तुह्या दाताले जे लागन थे मले येऊन सांग. तू हो म्हटलं तं हो."

सकाळी लाइन आली. भाऊजींनी मशीन चालू केलं. इतकी जुनी लेथ आणि जवळजवळ आवाज नाही. मी काडी लावली, कान झाकले. आत ठोका होता. प्रत्येक फेऱ्याला एक, पण उशीखालून यावा तसा. तेल भरायच्या बुचाशी पाहिलं तर तेलाला पिवळट कण चिकटलेले. मी बोट लावलं आणि भाऊजींकडे पाहिलं.

"भाऊजी, हेडमध्ये..."

"हेडमध्ये तेल हाये."

"तेल तं आहे."

"मंग झालं." त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले, स्टूलवर बसले. रागावलेले नव्हते, तसे असते तर बरं झालं असतं. "सुधाकर, पुण्याले मी दोघासाठी खोली पाह्यली. हे लेथ गेली तं दोघं जाऊ. नाही गेली तं मी एकटाच जातो, ताईले तुमी घेऊन जा. दोघाचा खर्च नाही झेपत मले. वाईट वाटून घेऊ नका."

ताई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याजवळ येऊन कप दिला आणि विचारलं, "साखर कमी पडली का रे?" मी अजून घोटही घेतला नव्हता.

दुपारी घाटंजीला उतरलो. मिस्तरी स्टँडवरच उभे होते, इस्त्रीच्या शर्टात.

"आली लाइन?"

"आली."

"काडी लावली?"

"लावली."

"काय लागलं?"

"शांत आहे, काकाजी."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून घरापर्यंत चालत आले. माझ्या बापानेही असा हात ठेवलेला मला आठवत नाही.

फुलसिंगभाऊंनी लेथ आणली. वाटेत मॅटॅडोरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, म्हणून गाडी एक रात्र तांड्यावर राहिली. दुसऱ्या दिवशी पाइपांवर ढकलत, दोर लावून, गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून ती चौथऱ्यावर चढवली. काकूंनी भिंतीवरच्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. मिस्तरींनी बोल्ट आवळले. मग म्हणाले, "आता आपल्या घरी आली. आता पाहू दे पोटात काय हाये." आणि झाकण उघडलं.

मी तिथे होतो. पळून जायला हवं होतं किंवा बोलायला हवं होतं. मी पाना धरून उभा होतो.

त्यांनी आत बोट बुडवलं. बोट बाहेर काढून उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. मग चाक हाताने फिरवलं, तेव्हा मोठ्या गिअरचे तुटलेले दाते वर आले. शेजारच्या बेअरिंगची बैठक पितळेने सांधलेली होती.

"फुलसिंग, हा भुसा कुठला हाये?"

फुलसिंगभाऊंना वाटलं, चेष्टा आहे. ते हसून म्हणाले, "माह्याच गाडीचा असन. माह्या गाडीत भुशाबिगर काय हाये?"

मिस्तरी माझ्याकडे वळले. "सुधाकर, तू ऐकली तवा?"

"शांत होती, काकाजी."

शब्दाने पाहिलं तर हे खरं होतं. लेथ शांत होती. हे मी आजवर स्वतःला कितीदा सांगितलं असेल, मोजता येणार नाही.

मिस्तरींनी मनाशी सगळं जुळवलं. पुसदला चांगली होती, सुधाकरनं दातांनी ऐकली. घाटंजीत बिघडलेली निघाली. मधात ती एक रात्र तांड्यावर होती. पडली असेल उतरवताना, दाते गेले असतील, भरपाई नको म्हणून भुसा कालवला असेल. पितळेचा सांधा जुना दिसत होता, तो त्यांना दिसायला हवा होता. पण तो खरा मानला असता तर मग मला खोटं मानावं लागलं असतं.

"पाडली तं पाडली म्हणून सांगाचं होतं," ते म्हणाले. "मी काय केलं असतं? हे कायले केलं फुलसिंग?"

"याडीची आण मिस्तरी, मी हात नाही लावला." याडी म्हणजे आई. तांड्यावरचा माणूस ही शपथ उगाच घेत नाही. शपथ घेताना फुलसिंगभाऊ मिस्तरींकडे पाहत होते. घेऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाकणाचे बोल्ट गोळा करायला खाली वाकलो. फुलसिंगभाऊ गाडीचं भाडं न घेता निघून गेले.

त्यानंतर त्या दोघांत बोलणं नाही. फुलसिंगभाऊंच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन त्यांचा मुलगा आला, तर मिस्तरींनी ती घेतली आणि गेले नाहीत. गावात गोष्ट पसरली. काही लोकांनी फुलसिंगभाऊंना माल द्यायचं बंद केलं. तांड्यावरच्या माणसाबद्दल असं बोलायला गावाला फार पुरावा लागत नाही, हेही मी तेव्हा पाहिलं आणि गप्प राहिलो.

लेथ हळू वेगावर चालायची. मिस्तरींनी गिअर बदलले, पण सांधलेल्या बैठकीचं काही होईना. बैलगाडीचे आस, फवारणी पंपाचे दट्टे अशी जाडी कामं ते करायचे. बारीक काम कोणी आणलं तर परत पाठवायचे. घाई असेल तर वेल्डिंग कर, हे म्हणायचं त्यांनी सोडून दिलं होतं. विमानाची थापही गेली. ती ऐकणारा माणूसच उरला नव्हता.

ताई पुण्याला आहे. संसार टिकला. दोन मुलं आहेत. हे मी सबब म्हणून सांगत नाही, असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे सबब म्हणूनच सांगतो आहे. पहिली काही वर्षं ती राखी बांधायला आली की विचारायची, "मिस्तरी कसे आहेत?" मग तिने विचारणं बंद केलं. आम्ही कधी त्यावर बोललो नाही.

मिस्तरींना मी शेवटचं पाहिलं ते घाटंजीच्या स्टँडवर. उन्हाळा होता. पायांना सूज होती, त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांचा मुलगा तिकडे दवाखान्यातच थांबला होता. मी त्यांना एसटीत बसवून द्यायला आलो होतो. एसटी येत नव्हती. माझा दंड धरून ते उभे होते, सगळा भार माझ्यावर टाकून.

एक मॅटॅडोर पुढे जाऊन थांबली. फुलसिंगभाऊ खिडकीतून म्हणाले, "बसा मिस्तरी. यवतमाळलेच चाल्लो. पुढं जागा हाये."

मिस्तरींनी समोर रस्त्याकडे पाहिलं. "एसटी येते," ते म्हणाले.

"येईन तवा येईन. ऊन पाहा काय हाये."

"दगा देणाऱ्याच्या गाडीत मी नाही बसत."

फुलसिंगभाऊंनी मान आत घेतली. इंजिन चालूच होतं. मग गाडी गेली. मी म्हणालो, "बसता का काकाजी सावलीत?"

"नाही. एसटी निंगून जाईन. तू फक्त हात सोडू नको."

एसटी आली. मी त्यांना खिडकीजवळ बसवलं. गाडी वळेपर्यंत ते माझ्याकडे पाहत होते. दवाखान्यातून ते परत आले नाहीत. अंत्यविधीसाठी त्यांना घाटंजीत आणलं त्या दिवशी फुलसिंगभाऊ आले, गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, आणि घराकडून कोणी बोलावलं नाही म्हणून परत गेले. मीही बोलावलं नाही.

मिस्तरींचं मी जे देणं लागतो ते आता फेडता येत नाही. पण फुलसिंग राठोड अजून आहेत. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे हे लिहून काही फिटत नाही. मला तांड्यावर जायचं आहे आणि त्यांच्या मुलांसमोर, नातवांसमोर, आणि काकू यायला तयार असतील तर त्यांच्यासमोर सांगायचं आहे, की भुसा पुसदचाच होता आणि मला ते माहीत होतं. एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.